लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून

यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी एका शब्दात कळवला : ओझं. बाकीची लेखक मंडळी संसाराचं, कर्जाचं, आठवणींचं ओझं घेऊन बसणार हे उघड होतं. मला टनांत मोजता येईल असं ओझं पाहायचं होतं, म्हणून चांदूर रेल्वेला गेलो. अमरावतीहून तीसेक किलोमीटर. जिल्ह्यात चांदूर बाजार आहे ते वेगळं. हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचं. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा रूळ नागपूरला पोचला, तेव्हापासून या गावावरून दुसऱ्यांचं ओझं जातंच आहे. एके काळी कापसाच्या गाठी जायच्या, आता कोळसा.

फलाटावर बसलो की कोळशाची गाडी दिसायला फार वाट पाहावी लागत नाही. वणी-चंद्रपूरकडच्या खाणींतला कोळसा वर्धा, पुलगाव, धामणगाव करत येतो आणि बडनेऱ्यावरून पारस, भुसावळ, नाशिकच्या वीजकेंद्रांकडे जातो. भरलेल्या रेकला ५८-५९ वाघिणी असतात. एका वाघिणीला चार आस, आणि एका आसावर २२.९ टनांपर्यंतचा भार चालतो. म्हणजे डब्याच्या वजनासकट एक वाघीण नव्वद टनांच्या वर, आणि अख्खी गाडी पाच हजार टनांच्या पुढे. आसाच्या दोन टोकांना दोन बेअरिंगं. दर बेअरिंगच्या वाट्याला साधारण अकरा टन येतात. अशी चारशे सत्तरच्या आसपास बेअरिंगं एका गाडीखाली फिरत असतात.

हे अकरा टन कशावर टेकलेले असतात? चाक, आस, बेअरिंगची कडी, तिच्या आतले रोलर, सगळं पोलादी. पण बेअरिंग धड असेल तर आतला रोलर कडीला जवळजवळ कुठेच लागत नाही. लागला असता तर गाडी बडनेरासुद्धा ओलांडती ना. दोघांच्या मध्ये वंगणाचा पापुद्रा असतो, आणि त्याची जाडी असते एका मायक्रॉनच्या आसपास, बहुतेकदा त्याहून कमी. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. कोळशाची पाच हजार टनांची गाडी केसाच्या शंभराव्या हिश्शावर तरंगत चांदूर ओलांडते, आणि फलाटावरचे आपण चहाचा कप सांभाळत धुळीपासून तोंड झाकून घेतो.

झेंडी कशासाठी

गाडी धडधडत जात असताना फलाटाच्या कडेला पॉइंट्समन हिरवी झेंडी धरून उभा असतो. रुळांच्या पलीकडच्या अंगालाही कुणीतरी असतं. प्रवाशांना तो नुसता रिवाज वाटतो. खरं तर ती तपासणी असते. गाडीची दोन्ही अंगं डोळ्यांखालून घालायची : काही लोंबकळतंय का, दार उघडं आहे का, ब्रेक चिकटून राहिलाय का, आणि एखाद्या आसाचं टोक तापलंय का. धूर दिसतो, जळक्या ग्रीसचा वास येतो, रात्री लालसर चकाकतं, किंवा नेहमीच्या खडखडाटात न बसणारी एक किंकाळी ऐकू येते. रेल्वेत याला ‘हॉट एक्सल’ म्हणतात. तो दिसला की गाडी थांबवायची, तपासायची आणि गरज पडली तर ती वाघीण कापून बाजूला काढायची. हल्ली लांबून तापमान सांगणारी बंदूक तपासणीसांच्या हातात असते, आणि काही ठिकाणी रुळांशेजारी मायक्रोफोन लावून बेअरिंगचा आवाज ऐकणारी यंत्रणाही रेल्वेनं बसवली आहे. तरी माणसाचं नाक अजून कामावरून कमी झालेलं नाही.

पापुद्रा तुटला की पुढचं सगळं फार झपाट्यानं होतं. कितीही घासूनपुसून गुळगुळीत केलेलं पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळच दिसतं. दोन पृष्ठभाग भिडतात ते फक्त शिखरांवर, त्यामुळे सगळा भार त्या मोजक्या टोकांवर येतो. तिथे क्षणभर इतकी उष्णता होते की शिखरं एकमेकांना वितळून चिकटतात, आणि पुढच्याच क्षणी फिरणारा भाग त्यांना ओरबाडून सोडवतो. ओरबाडलेले कण पुढे आणखी ओरबाडतात. उष्णतेनं उरलंसुरलं वंगण पातळ होतं, म्हणून आणखी शिखरं भिडतात, म्हणून आणखी उष्णता. हे चक्र वेळीच थांबलं नाही तर आसाचं टोक मऊ पडून पिळवटून तुटतं आणि गाडी रूळ सोडते.

जुन्या वाघिणींना रोलर नव्हते. आसाच्या टोकावर पितळी अर्धगोल बसवलेला असायचा, त्याला आतून कथील-शिशाच्या मऊ मिश्रधातूचं अस्तर. खालच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा कोंबलेला. आस फिरता फिरता त्या बोळ्यातून तेल ओढून घ्यायचा. मुक्कामाच्या स्टेशनांवर तेलाची झारी घेऊन माणूस गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, पेट्यांची झाकणं उघडायचा, तेल घालायचा. कापूस मुलखाबाहेर नेणाऱ्या गाडीचा आस कापसाच्याच सुतानं ओला राहायचा, ही गोष्ट वऱ्हाडात सांगण्यासारखी आहे. मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेवर तर १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. तेलाची झारी त्या इंजिनाबरोबर शेवटपर्यंत टिकली.

टॉवरसाहेबाचं बूच

तेल ओझं उचलतं कसं, हे कळलं ते रेल्वेच्या आसामुळेच. १८८३ साली इंग्लंडात बोशांप टॉवर नावाचा अभियंता आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. आस खाली तेलात बुडलेला, वर पितळी अर्धगोल आणि त्यावर भार. वरून तेल सोडायला म्हणून त्यानं अर्धगोलाच्या माथ्यावर एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर भोकातून तेल आत जायच्या ऐवजी बाहेर उसळून यायला लागलं. त्यानं बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू वर सरकत बाहेर आली. शेवटी त्यानं तिथे दाबमापक जोडला. बेअरिंगवर भार होता सरासरी दर चौरस इंचाला १०० पौंड. दाबमापकाचा काटा २०० ओलांडून टोकाला जाऊन बसला.

म्हणजे तेल नुसतं ओलावा देत नव्हतं. ते दाब धरून अख्खा भार उचलत होतं. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑस्बर्न रेनॉल्ड्सनं याचं गणित मांडलं. आस आणि अर्धगोल अगदी समकेंद्री नसतात. भारामुळे आस किंचित सरकलेला असतो, आणि दोघांमधली फट एका बाजूनं रुंद, दुसरीकडे निमुळती होत जाते. फिरणारा आस आपल्या अंगाला चिकटलेलं तेल या निमुळत्या फटीत ओढत नेतो. तेलाला मागे जायला वाव नाही, पुढे जागा कमी. म्हणून दाब वाढतो आणि आस वर उचलला जातो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून मोटारसायकल वेगात नेली की चाक रस्ता सोडून पाण्यावर चढतं आणि घसरतं, तेच इथे होतं. तिथे तो अपघात, इथे ती सोय.

यातली मेख अशी की वेग नसेल तर दाब नाही. गाडी उभी राहिली की तेल बाजूला दबून जातं आणि धातू धातूवर टेकतो. सुरू होताना पहिले काही फेरे कोरड्यासारखेच जातात. जुन्या बेअरिंगांच्या मऊ अस्तराचं काम मुख्यत: याच क्षणांसाठी होतं : झिजायचं तर अस्तर झिजू दे, आस नको. मागून येणारी एक्सप्रेस पुढे काढायला मालगाडी लूप लाइनवर थांबवतात आणि मग हिरवा दिवा मिळून ती हळूहळू हलते, तेव्हा ओझं तेवढंच असतं, पण उचलणारा पापुद्रा अजून तयार व्हायचा असतो.

बैलगाडीचा हिशेब

चांदूरच्या बाजारात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या एका दुकानात बसलो होतो. ग्रीसचा डबा घ्यायला आलेल्या शेतकऱ्यानं दोन बोटांत ग्रीस चिमटून पाहिलं, ताणून पाहिलं, आणि मान हलवली. पातळ वाटलं. “ओझं जास्त असन तं ग्रीस घट्ट पाह्यजे, भाऊ.” हा नियम वऱ्हाडात सगळ्यांना पाठ आहे, आणि तो कुठून आला हेही सांगता येतं. तो बैलगाडीचा आहे.

लाकडी चाकाच्या गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. एरंडीचं किंवा मिळेल ते तेल, त्यात जळक्या चिंध्यांची राख नाहीतर काजळी. चाक काढून लोखंडी आखाला ते फासायचं. बैलाच्या चालीनं चाक मिनिटाला जेमतेम काही फेरे घेतं. टॉवरसाहेबाचा दाब तयार व्हायला हा वेग पुरत नाही. तिथे पापुद्रा उचलत नाही. तिथे लागतं ते चिकटून बसणारं, ओघळून न जाणारं, धातूला पकडून राहणारं वंगण, आणि मध्ये काहीतरी घन पदार्थ. काजळीतला कार्बन ते काम करायचा. आज मंद आणि अवजड सांध्यांसाठी ग्रीसमध्ये ग्रॅफाइट किंवा मॉलिब्डेनमचं सल्फाइड घालतात, ते याच कारणासाठी. एरंडेलाची निवडही आंधळी नव्हती. त्याचा रेणू एका टोकानं धातूला घट्ट धरतो. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची फिरती इंजिनं एरंडेलावर चालली, आणि १९०९ साली वेकफिल्ड कंपनीनं आपल्या नव्या तेलाला कॅस्ट्रॉल हे नाव दिलं तेही एरंडीवरूनच.

गंमत म्हणजे एरंडी अजून गेलेली नाही. आज दुकानात सर्वांत जास्त खपणारं ग्रीस लिथियमचं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्लॅरेन्स अर्लनं ते पेटंट केलं. तेल धरून ठेवणारा त्यातला साबण ज्या आम्लापासून करतात, ते एरंडेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून मिळतं. ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं तेल असा समज असतो. प्रत्यक्षात त्यात साबणाच्या बारीक तंतूंचं जाळं असतं, आणि त्या जाळ्यात अडकलेलं तेल. ओझं तेल उचलतं. जाळं फक्त ते तेल जागेवर ठेवतं आणि लागेल तसं सोडतं. म्हणून बोटांत चिमटून ग्रीसचा घट्टपणा कळतो, आतल्या तेलाचा दाटपणा कळत नाही. रंगावरून तर काहीच कळत नाही. लाल, निळं, पिवळं हे निव्वळ रंगद्रव्य. दोन कंपन्यांची दोन लाल ग्रीसं आतून अगदी वेगळी असू शकतात. वेगळ्या जातीच्या साबणांची ग्रीसं एकत्र केली तर कधी कधी जाळंच मोडतं आणि तेल वाहून जातं.

दुकानदाराला हे सगळं माहीत होतं. पण गिऱ्हाईक मागतं तेच तो विकतो, आणि त्यात मी त्याला दोष देणार नाही.

ओझं दुप्पट केलं तर

ओझं वाढलं की पापुद्रा त्याच प्रमाणात दबून पातळ होत असेल, असंच कुणालाही वाटेल. वाघिणीच्या रोलर बेअरिंगमध्ये तसं होत नाही.

रोलर कडीला भिडतो ती जागा अगदी चिंचोळी असते. तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला दहा टन आणि त्याच्याही वर जातो. एवढ्या दाबाखाली दोन गोष्टी घडतात. पोलाद, जे आपण कठीण समजतो, ते किंचित चेपतं आणि चेपून सपाट जागा करून देतं. आणि तेल, जे आपण पातळ समजतो, ते क्षणभरासाठी हजारो पट दाट होऊन घनासारखं वागतं. त्याला त्या फटीतून निसटायला वेळच मिळत नाही. निसटायच्या आत रोलर पुढे गेलेला असतो. १९५९ पासून लीड्सच्या डंकन डॉसन यांनी सहकाऱ्यांबरोबर याचं गणित बसवलं, आणि १९७७ साली हॅम्रॉक आणि डॉसन यांनी दिलेली सूत्रं आजही बेअरिंग बनवणारे वापरतात. त्या सूत्रांप्रमाणे ओझं दुप्पट केलं तर पापुद्रा फक्त पाचेक टक्क्यांनी पातळ होतो. वेग निम्मा केला तर मात्र तो एक तृतीयांशाहून जास्त पातळ होतो. पापुद्र्याला ओझ्याची फारशी फिकीर नाही; त्याला वेग लागतो आणि तेलाचा योग्य दाटपणा लागतो.

याचा अर्थ वाघीण हवी तेवढी भरा, असा नाही. ओझ्याची किंमत वंगण देत नाही, ती पापुद्र्याखालचं पोलाद देतं. दर फेरीला तोच दाब, कोट्यवधी वेळा. पृष्ठभागाखाली बारीक भेग पडते, वाढते, आणि एके दिवशी कडीचा टवका उडतो. रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर त्याचं आयुष्य दहाव्या हिश्शावर येतं. वंगण कितीही उत्तम असलं तरी ही थकावट थांबत नाही. बडनेऱ्याला वाघिणी दुरुस्तीचा कारखाना रेल्वेला उभारावा लागला तो अशाच कामांसाठी. तिथे बेअरिंगं उतरवून, धुऊन, तपासून पुन्हा ग्रीस भरून बसवतात. आता ती सीलबंद असतात. वाटेत झारीवाल्याचं काम उरलेलं नाही.

याच चाकाखाली, बेअरिंगपासून हातभर अंतरावर, नेमकं उलटं काम चालू असतं. रुळाच्या माथ्यावर वंगण अजिबात नको. तिथे तेल सांडलं तर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात, म्हणून इंजिनात वाळूच्या पेट्या असतात आणि लागेल तेव्हा चाकापुढे वाळू सोडतात. आणि वळणावर, चाकाची कड रुळाच्या आतल्या अंगाला घासते तिथे, परत ग्रीस. एका चाकाला एकाच वेळी घर्षण हवं आणि नको, दोन्ही.

ट्रॅक्टरच्या पोटात

आता पुन्हा दुकानात. समोर एक ट्रॅक्टर कमरेत उघडून ठेवला होता. आतले क्राऊन आणि पिनियन हे दोन्ही गिअर काळवंडलेले, दातांच्या अंगावर उभे ओरखडे. मिस्त्रीनं बोट फिरवून दाखवलं : “दात खाल्ले पाहा यानं.” घरच्या घरी तेल बदललं होतं, बचत म्हणून त्यात इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल मिसळलेलं होतं.

गिअरच्या दातांचं दुखणं बेअरिंगहून अवघड असतं. दात एकमेकांवर फक्त लोळत नाहीत, घसरतात. नांगर किंवा रोटाव्हेटर काळ्या जमिनीत अडकला की इंजिनाचा जोर कायम, वेग शून्याकडे; म्हणजे पापुद्रा तुटायची पूर्ण तयारी. अशा वेळी तेलात मिसळलेली रसायनं कामी येतात. गिअर ऑइलच्या डब्याला जो उग्र वास येतो तो गंधकाचा. दोन शिखरं घासून जिथे तापतात, नेमकं तिथेच गंधक आणि स्फुरदाची संयुगं लोखंडाशी विक्रिया करतात आणि त्यावर एक पातळ थर बसवतात. हा थर मऊ असतो, घासला की सोलून निघतो. पण दातावरचं पोलाद दातावरच्या पोलादाला वितळून चिकटू देत नाही. सोलला की तिथली उष्णताच नवा थर बसवते. इंजिन ऑइलमध्ये हेच काम जस्त आणि स्फुरदाचं एक संयुग १९४० च्या दशकापासून करत आलं आहे. आधी ते गंज आणि तेल खराब होणं थांबवायला घालत. झीज थांबवण्याचा त्याचा गुण मागाहून लक्षात आला.

म्हणजे थर दोन प्रकारचे. वेग असताना तेलाचा पापुद्रा. वेग नसताना, ओझं जास्त असताना, रसायनाचा थर. दुसऱ्याचं आयुष्य पहिल्याहून मर्यादित. रसायन खर्च होतं. जळक्या ऑइलमध्ये ते बरंचसं खर्च झालेलं असतं, वर काजळी, झिजलेल्या धातूचा चुरा आणि कधी डिझेलही मिसळलेलं असतं. काळं आणि चिकट दिसतं म्हणून ते दमदार वाटतं. सेंटरिंगच्या पाट्यांना लावायला किंवा लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लोक ते वापरतात. गिअरमध्ये मात्र ते विषच.

गंधक जास्त तितकं चांगलं, असंही नाही. डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं लिहिलेलं असतं. ५ मध्ये रसायन जास्त, आणि ट्रकच्या मागच्या आसातल्या तिरप्या दातांच्या गिअरला ते लागतंच. पण गिअरबॉक्समध्ये पितळेच्या कड्या असतील तर तेच जोरदार गंधक पितळ खाऊ शकतं. हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत तर गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांना एकच तेल पुरवलेलं असतं. तिथे ९० नंबरचं गिअर ऑइल ओतलं तर दात वाचतील, ब्रेक मात्र कुरकुरतील किंवा नीट धरणार नाहीत; कारण ब्रेकच्या चकत्यांना ठरावीक घर्षण हवं असतं. अशा ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत यूटीटीओ ही चार अक्षरं असतात. ती वाचली जात नाहीत, आणि पुस्तिका बहुतेकदा कपाटात सातबाऱ्याखाली असते.

वऱ्हाडातलं ऊन हा यातला आणखी एक हिशेब. ४० अंशांपासून १०० अंशांपर्यंत ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण दहापट पातळ होतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला, जमीन तापलेली, आणि ट्रॅक्टर दिवसभर नांगरटीला. तेल कामाला लागायच्या आधीच काही वाट चाललेलं असतं. म्हणून उष्ण मुलखासाठी दाट नंबर सुचवतात. पण तोच दाट नंबर डिसेंबरच्या पहाटे सगळीकडे लवकर पोचत नाही.

रुईला डाग नको

दुकानातून निघून एका जिनिंगमध्येही गेलो. तिथे फार वेळ थांबलो नाही, कारण मुद्दा एकच होता. कापसाच्या दुहेरी रोलरच्या जिनमध्ये चामड्याच्या रोलरवर एक स्थिर पातं दाबून बसवलेलं असतं आणि दुसरं पातं वर-खाली झपाझप हलत सरकी पाडतं. हे वर-खाली म्हणजे वंगणाची परीक्षाच : दर फेरीत दोनदा वेग शून्य होतो, दोनदा पापुद्रा मोडायला येतो. त्यामुळे भरपूर तेल द्यावं असं वाटतं, आणि भरपूर दिलं तर थेंब रुईवर पडतो. १७० किलोच्या गाठीत तेलाचा डाग गेला की तो सूतगिरणीत उघडकीला येतो, भाव पाडतो. त्यातच हवेत उडणारा तंतू तेलकट जागी जाऊन बसतो, बेअरिंगवर त्याची टोपी जमते, बेअरिंग तापतं, आणि जिनिंगमध्ये तापलेलं बेअरिंग म्हणजे आगीची ठिणगी. तेल कमी चालत नाही, जास्तही चालत नाही. चांगल्या जिनमधला तेलवाला शांत असतो. फडकं त्याच्या खांद्यावर कायम, आणि झारीपेक्षा फडक्याचाच वापर जास्त.

निप्पलवरची माती

घर्षणामुळे होणारं नुकसान किती, याचा हिशेब २०१७ साली होल्मबर्ग आणि एर्देमिर यांनी मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के घर्षणावर मात करण्यात जाते, आणि झिजलेले, मोडलेले भाग पुन्हा बनवण्यात आणखी ३ टक्के. हे वाचून महागड्या तेलांकडे लक्ष जातं. चांदूरच्या दुकानात दिवसभर बसलं की लक्ष दुसरीकडे जातं.

रोटाव्हेटर आला. शेतातून थेट आलेला, बेअरिंगच्या घरावर काळी माती थापलेली. पोऱ्यानं ग्रीस गन उचलली, निप्पलवर दाबली आणि चार दणके दिले. निप्पलच्या तोंडावर जी माती होती ती ग्रीसच्या पुढे आत गेली. पापुद्रा अर्ध्या-एक मायक्रॉनचा. मातीतला गारगोटीचा बारीकसा कण पाच-दहा मायक्रॉनचा, आणि गारगोटी बेअरिंगच्या पोलादाहून कठीण. तो कण पापुद्र्यातून जाताना कडीवर खड्डा पाडतो. पुढचा प्रत्येक रोलर त्या खड्ड्याच्या काठावरून जातो, आणि भेग तिथूनच सुरू होते. किमती ग्रीस, योग्य ग्रीस, एरंडीचं लिथियम, सगळं त्या चार दणक्यांत वाया. बेअरिंग गेलं की पुढच्या वेळी आणखी घट्ट ग्रीस मागितलं जातं.

मिस्त्रीनं पोऱ्याला हाक मारली, “अबे, पुसून त घे.” पोऱ्यानं पँटला हात पुसले.

माझं मत विचाराल तर वऱ्हाडात यंत्रांची बेअरिंगं ओझ्यानं कमी आणि मातीनं जास्त मरतात. ओझ्याची काळजी तेल बनवणाऱ्यांनी आणि बेअरिंग बनवणाऱ्यांनी करून ठेवली आहे. फडक्याची काळजी मात्र आपल्याकडे आहे, आणि तिथेच आपण हात आखडतो. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या यंत्राच्या गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं की तेल दुधासारखं पांढरट होतं. ते काठीनं ढवळून पुन्हा काळं झालं की चालतं, असं म्हणणारेही भेटले. चालत नाही. पाणी पापुद्रा मोडतं आणि उभ्या यंत्रात गंज चढवतं.

रब्बीच्या पेरणीसाठी अवजारं बाहेर निघतीलच. गन लावण्याआधी निप्पल पुसा. ग्रीस दाबताना जुनं ग्रीस सीलमधून थोडं बाहेर येऊ द्या, पण सील फाटेपर्यंत दाबू नका. दुधाळ तेल दिसलं तर ते काढून टाका. आणि तेलाचा डबा घेण्याआधी कपाटातली पुस्तिका काढून डब्यावरचा आकडा तिच्याशी ताडून पाहा. दुकानदार घट्ट काय ते सांगेल, बरोबर काय ते पुस्तिकेतच असतं.